बॅटरी भरणारं इंजिन: सोलापूरच्या उन्हात टिकेल असा छोटा सेट कसा आखायचा

इलेक्ट्रिक टेम्पो घेतलेल्या माणसाला एक कल्पना हमखास सुचते: हौद्याच्या कोपऱ्यात पेट्रोल जनरेटर ठेवू, चालता चालता बॅटरी भरत राहील. कल्पना वेडगळ नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली हेच केलं होतं. इंजिनाने वीज तयार करायची आणि चाकं विजेच्या मोटरने फिरवायची. घोडं पेंड खातं ते हिशेबात. आजच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ८.३ युनिट ऊर्जा असते. दुकानात मिळणारा हवेने थंड होणारा छोटा जनरेटर त्यातली जेमतेम पाचवा हिस्सा शाफ्टवर आणतो. पुढे अल्टरनेटर आणि चार्जर आपापला वाटा खातात, आणि बॅटरीत पोचतं सव्वा ते दीड युनिट. त्यापेक्षा सरळ पेट्रोलचा टेम्पो घेतलेला परवडतो.

याच कामासाठी नीट आखलेलं इंजिन लिटरमागे अडीच युनिटच्या आसपास देऊ शकतं. हा फरक कुठून येतो आणि तो मिळवायला कोणत्या क्रमाने जायचं, ते इथे मांडतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारी पोरं आणि लेथ-मिलिंग हाताशी असलेले एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, दोघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने आकडे दिले आहेत. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

पायरी १: इंजिन विसरा, आधी रस्ता मोजा

बहुतेक जण इथेच उलटे चालतात. हाताशी बाइकचं एखादं जुनं इंजिन असतं, ते बसवायचं ठरतं, आणि मग त्याला काम शोधलं जातं. सुरुवात गाडीला किती वीज लागते इथून करायची.

आपण एक उदाहरण धरू. मालासकट १८०० किलो वजनाचा छोटा इलेक्ट्रिक टेम्पो, सोलापुरातून चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन पंढरपूरला जातो, ताशी ६० च्या वेगाने. टायरचा रोध वजनाच्या १.२ टक्के धरला तर २१२ न्यूटन. समोरचं क्षेत्रफळ आणि आकार मिळून हवेचा रोध अंदाजे १७७ न्यूटन. बेरीज ३८९ न्यूटन, गुणिले सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकावर साडेसहा किलोवॅट. मोटर, कंट्रोलर आणि गिअरमधली गळती पकडून बॅटरीतून ७.६; दिवे, पंखे वगैरे धरून ८ किलोवॅट. म्हणजे किलोमीटरला ०.१३३ युनिट.

हा कागदावरचा आकडा. शक्य असेल तर गाडीच्या बीएमएसमधून (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) करंट आणि व्होल्टेज दर सेकंदाला नोंदवून घ्या आणि तीच फेरी भरल्या गाडीने करा. मार्केट यार्डाच्या गर्दीतून बाहेर पडायला लागणारी वीज कुठल्याच सूत्रात बसत नाही.

पायरी २: सरासरी इंजिनाने, झटका बॅटरीने

सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तेव्हा आपण टाकी सकाळच्या घाईसाठी मोठी घेतो. मोटर मात्र टाकी वेळेत भरेल एवढीच. बॅटरी म्हणजे टाकी, इंजिन म्हणजे मोटर. ओव्हरटेक, चढ, भरल्या गाडीने सुटणं, हे सगळं बॅटरीचं काम.

तुळजापूरचा घाट घेऊन बघा. चढ साधारण २०० मीटर उंचीचा आणि ५ टक्क्यांचा धरू. ताशी ४० ने चढताना बॅटरीकडून १५ ते १६ किलोवॅटची मागणी येते. इंजिन ९ देत असेल तर उरलेले पावणेसात बॅटरीने द्यायचे, तेही सहा-सात मिनिटं. म्हणजे अख्ख्या घाटासाठी राखीव साठा लागतो पाऊण युनिट! लोक घाटाच्या भीतीने दुप्पट ताकदीचं इंजिन घालतात, आणि मग ते उरलेला सगळा रस्ता अर्ध्या लोडवर पेट्रोल पीत बसतं.

मात्र तो पाऊण युनिट घाटाच्या पायथ्याशी शिल्लक असला पाहिजे. नसेल तर हाच टेम्पो ताशी २३-२४ ने रांगत चढेल. बीएमडब्ल्यूच्या आय-३ गाडीत ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन जनरेटर म्हणून दिलं होतं. अमेरिकेतल्या मॉडेलमध्ये ते बॅटरी जवळपास संपल्यावरच सुरू होई, आणि लांब चढावर गाडी मंदावते म्हणून मालकांनी तक्रारी केल्या. दोष इंजिनात नव्हता, ते कधी सुरू करायचं या निर्णयात होता.

आता किती किलोवॅटचं घ्यायचं? पंढरपूरची जाऊन-येऊन फेरी १५० किलोमीटर धरली तर २० युनिट लागतात. बॅटरीतून वापरता येण्याजोगे १३ असतील तर तूट ७ युनिटची. एवढ्यासाठी साडेचार किलोवॅटचं इंजिनही पुरेल. दीड तास चालवा, झालं. पण तीच गाडी कधी पुण्याला न्यायची असेल तर इंजिनाने सरासरी मागणी एकट्याने भागवायला हवी, म्हणजे विजेच्या बाजूला ८ ते ९ किलोवॅट. मी दुसरा पर्याय घेईन. पुढचा हिशेब त्याचाच. आणि ज्याची गाडी रोज ८० किलोमीटरच्या आत फिरते, त्याने हा लेख इथेच मिटून रात्री घरी चार्जिंग लावावं.

पायरी ३: एकच बिंदू निवडा

सगळ्या आखणीचा गाभा हा आहे. गिअरच्या गाडीतलं इंजिन आयडलिंगपासून पूर्ण रेसपर्यंत सगळीकडे चालावं लागतं, त्यामुळे ते कुठेच सर्वोत्तम नसतं. आपल्या इंजिनाला चाकांशी देणंघेणं नाही. एका ठराविक आरपीएमवर, एका ठराविक लोडवर ते उत्तम चाललं की पुरे. बाकीच्या ठिकाणी त्याने फक्त बंद पडू नये.

कुठल्याही पेट्रोल इंजिनाचा इंधनखपतीचा नकाशा पाहिला तर एक बेट दिसतं: मध्यम आरपीएम, बऱ्यापैकी जड लोड. त्याच्या खाली, हलक्या लोडवर, थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट बंद असतो आणि हवा ओढण्यातच ताकद जाते. वर, जास्त आरपीएमवर, घर्षण वाढतं. पूर्ण रेसच्या टोकाला नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) टाळण्यासाठी टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घ्यावं लागतं. म्हणून आपला नियम असा: थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि ताकद कमी-जास्त करायची ती जनरेटरचा लोड आणि आरपीएम बदलून. थ्रॉटल फक्त सुरू-बंद करण्यापुरता.

आरपीएम ३६०० घेऊ. शाफ्टवर १० किलोवॅट हवेत, कारण जनरेटर आणि त्याचा कंट्रोलर मिळून दहा टक्के खाणार. सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब ७ बार (म्हणजे ७ लाख पास्कल) धरू. फोर-स्ट्रोक ३६०० ला सेकंदाला ३० कामाचे स्ट्रोक देतं. १०,००० भागिले (३० गुणिले ७ लाख) केलं की ४७६ सीसी येतात. थोडं वर जाऊन ५०० सीसी.

७ बार कमी वाटेल. साधं इंजिन १० बारच्या वर जातं. दोन कारणं आहेत. एक पुढच्या पायरीत येईल. दुसरं आपलं हवामान. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर, आणि मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो. अशा हवेची घनता घनमीटरला १.०६ किलोच्या आसपास भरते. समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेत ती १.१८ असते. दहा टक्के हवा इथेच कमी, म्हणजे दहा टक्के ताकद कमी. परदेशी कॅटलॉगमधला आकडा तसाच उचलणारे इथे फसतात.

पायरी ४: सिलिंडर किती, आकार कसा

निव्वळ कार्यक्षमता पाहिली तर ५०० सीसीचा एकच सिलिंडर जिंकतो. आकारमानाच्या मानाने भिंती कमी, म्हणून उष्णता कमी वाया जाते. रिंगा आणि बेअरिंग कमी, म्हणून घर्षण कमी. तरी मी दोन घेईन. छोट्या टेम्पोत बहुधा ड्रायव्हरच्या सीटखालीच जागा असते, आणि मोठ्या एकट्या पिस्टनचा हादरा दोन-अडीच तास कंबरेला सहन होत नाही. बॅलन्सर शाफ्ट घालून तो कमी करता येतो, पण मग घर्षण परत आलं.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ६६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३. एका सिलिंडरचे २५० सीसी होतात. स्ट्रोक बोअरपेक्षा थोडा लांब ठेवला की ज्वलनकक्ष आटोपशीर राहतो आणि ज्योत लवकर पसरते. ३६०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ८.८ मीटर, म्हणजे अगदी सोशिक. रेसिंगची फाजील ओढ नसल्याने व्हॉल्व्ह स्प्रिंग हलक्या, रिंगांचा ताण कमी, ऑइल पातळ ठेवता येतं. पाण्याचा पंप पट्ट्यावर न घेता इलेक्ट्रिक घ्या.

पायरी ५: कॅम, कॉम्प्रेशन आणि पेट्रोल

इथे थोडा वेळ थांबू, कारण खरी कमाई इथली.

साध्या इंजिनात वायू जितका दाबला जातो तितकाच प्रसरण पावतो. एक्झॉस्ट उघडतो तेव्हाही त्यात दाब शिल्लक असतो. तो सायलेन्सरमधून बाहेर. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये प्रसरण लांब आणि दाबणं आखूड असलेलं इंजिन केलं, पण त्यासाठी दांड्यांची गुंतागुंतीची रचना लागली. आज तोच परिणाम कॅमने (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा उंचवट्यांचा दांडा) मिळतो: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवायचा. पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच, आत आलेली थोडी हवा परत इनटेकमध्ये. दाबणं आखूड झालं, प्रसरण पूर्ण राहिलं. टोयोटाने १९९७ च्या प्रियसपासून हायब्रिडमध्ये हाच मार्ग धरला. आपल्या रस्त्यांवरच्या होंडा सिटी हायब्रिड आणि ग्रँड व्हिटारा हायब्रिडमध्येही ॲटकिन्सन पद्धतीचीच इंजिनं आहेत.

आपल्या इंजिनात भौमितिक कॉम्प्रेशन १२.५ ठेवा, आणि इनटेक व्हॉल्व्ह (१ मिलिमीटर लिफ्टला मोजून) तळबिंदूनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो त्यानंतर) ६५ अंशांच्या आसपास मिटवा. तोवर पिस्टन जवळपास पाव स्ट्रोक वर आलेला असतो. हिशेब केला तर प्रत्यक्ष दाबणं दहापटीच्या किंचित आत येतं, तर प्रसरण साडेबारा पटीचं. हवा कमी अडकते म्हणून ताकद घटते. ७ बारचं पहिलं कारण हेच. जो ताकदीवर हट्ट धरतो त्याला ही कार्यक्षमता मिळत नाही.

कॅम बाहेरून मागवावा लागेल असं समजू नका. जगभरच्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच. ती तुमचा एक नग करून देणार नाही, हे उघड आहे. पण कॅम ग्राइंडिंग कळणारी माणसं या शहरात आहेत, आणि प्रोजेक्टसाठी तेवढं पुष्कळ. प्रोफाइल देताना लिफ्टचा तक्ता अंशागणिक द्या. 'थोडा लेट कर' असं सांगून काम होत नाही.

पेट्रोलबद्दल. ई-२० मुळे लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी होते, म्हणून साध्या गाड्यांचं ॲव्हरेज पडतं आणि लोक कुरकुरतात. आपल्याला मात्र इथेनॉलचा फायदा आहे. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, जास्त, आणि बाष्प होताना ते आतली हवा गार करतं. तापलेल्या हवेत साडेबारा कॉम्प्रेशन चालवणाऱ्याला दोन्ही गोष्टी हव्याच असतात. जिल्हा साखर कारखान्यांचा. हे इंधन आपल्या उसातूनच निघतं. फक्त रबरी नळ्या, ओ-रिंग आणि पंप इथेनॉल सोसणारे घ्या.

मिश्रण पातळ करून ॲव्हरेज वाढवायचा मोह टाळा. एक्झॉस्ट साफ करणारा थ्री-वे कॅटॅलिस्ट हवा आणि इंधनाचं प्रमाण अचूक असतानाच तिन्ही प्रदूषकं साफ करतो. पातळ मिश्रणात नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर पडतात. त्याऐवजी थंड केलेला एक्झॉस्ट दहा-पंधरा टक्के परत आत सोडा. ज्वलनाचं तापमान उतरतं, नॉकिंग मागे सरतं आणि टायमिंग पुढे घेता येतं. पहिल्या नमुन्यात हे नसलं तरी चालेल, पण हेडमध्ये जागा ठेवा.

पायरी ६: जनरेटर

कायम चुंबकाचा तीन फेजचा जनरेटर थेट क्रँकवर बसवा. पट्टा नको, कपलिंग नको. तोच फ्लायव्हील, तोच स्टार्टर. १० किलोवॅट आणि ३६०० आरपीएमला टॉर्क २६.५ न्यूटन-मीटर, त्यावर साठ टक्के मोकळीक ठेवा, कारण सिलिंडरचे झटके सरासरीवर थांबत नाहीत. वाइंडिंग असं करा की ३६०० ला तयार होणारं व्होल्टेज बॅटरीच्या थोडं खाली राहील आणि कंट्रोलर ते वर उचलेल. उलट केलंत, तर कंट्रोलर बंद पडला तरी डायोडमधून बॅटरी भरतच राहते.

शेतीपंपांच्या मोटारी भरणारे कारागीर आपल्याकडे उत्तम आहेत, पण चुंबकाचा विचार तुम्हालाच करायचा आहे. निओडिमियमची साधी ग्रेड ८० अंशांपुढे कायमची कमजोर पडू लागते. १५० अंशांची एसएच किंवा १८० ची यूएच घ्या.

पायरी ७: उन्हाळा आणि धूळ

इंधनातल्या ३० किलोवॅटपैकी १० शाफ्टवर आले, तर आठ-नऊ रेडिएटरमधून जाणार. कूलंट ९५ अंशांवर, बाहेर ४४, रस्ता आणि बोनेटखालची भर दहा. फरक उरला ४१ अंश. २५ अंशांच्या प्रयोगशाळेत तोच ७० असतो. म्हणून तिथे पुरलेला रेडिएटर इथे १.७ पट लागेल, आणि पंखाही ओढणारा हवा. टेम्पो थांबलेला असतानाही इंजिन चालू असणार आहे, हे विसरू नका.

इनटेकचं तोंड रेडिएटरच्या मागे ठेवू नका. आत जाणारी हवा दहा अंश गार मिळाली तर तीन टक्के जास्त हवा फुकट मिळते आणि नॉकिंगही कमी होतं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते; कागदी फिल्टरच्या आधी ट्रॅक्टरला असतो तसा फिरकीचा धूळ-विलगक लावा.

पायरी ८: कधी सुरू, कधी बंद

माझा क्रम असा असेल: बॅटरी ४० टक्क्यांवर आली की इंजिन सुरू, ५५ ला बंद, पुढे घाट आहे हे ड्रायव्हरला माहीत असेल तर एका बटणाने आधीच सुरू. जनरेटरने हजार आरपीएमपर्यंत फिरवून मगच इंधन सोडा, म्हणजे धक्का आणि धूर दोन्ही टळतात. पहिलं मिनिट हलक्या लोडवर, कॅटॅलिस्ट तापेपर्यंत. मग हळूहळू ठरलेल्या बिंदूवर. गावातून जाताना आवाज नको असेल तर दुसरा बिंदू ठेवा: २४०० आरपीएम, साडेसहा किलोवॅट.

एकदा सुरू झालं की किमान १५ मिनिटं चालू द्या. वरचेवर सुरू-बंद होणारं इंजिन तापतच नाही, आणि ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचत जातं. महिनाभर गरज पडली नाही तरी ते आपोआप थोडा वेळ फिरलं पाहिजे. शेव्हरोले व्होल्टमध्ये अशी सोय होती, आणि ओलावा शोषणाऱ्या ई-२० साठी ती आणखी गरजेची आहे.

एक धोका आवर्जून सांगतो. मे महिन्यात पॅक तापला की बीएमएस चार्जिंग अचानक तोडू शकतं. त्या क्षणी जनरेटरवरचा लोड नाहीसा होतो, थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि इंजिन सुसाट सुटतं. म्हणून बीएमएसची चार्ज-परवानगीची वायर थेट इंजेक्टरच्या रिलेपर्यंत न्या, आणि आरपीएम ४५०० च्या वर गेला की इग्निशन तोडणारं वेगळं सर्किट ठेवा. सॉफ्टवेअरवर विसंबू नका.

पायरी ९: तराजूवर खरं-खोटं

इंजिनाची ताकद मोजणारा महागडा डायनॅमोमीटर नसला तरी चालतं. जनरेटरचा डीसी करंट शंटवर (करंट मोजायचा छोटा ठराविक रोध) मोजा, आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये गिझरच्या कॉइल टाकून त्यावर लोड द्या. १० किलोवॅटवर ते पाणी दोन तासांच्या आत उकळेल, म्हणून एका नळीने पाणी बदलतं ठेवा. स्विच डीसीचाच घ्या. घरातल्या एसी स्विचमध्ये डीसीचा आर्क विझत नाही, आणि स्विच पेटतो.

पेट्रोलचा डबा एक ग्रॅम अचूकतेच्या डिजिटल तराजूवर ठेवा. परतीची लाइन असेल तर तीही त्याच डब्यात सोडा. नळी डब्याच्या काठावर टेकली की तिचा ताठरपणा तराजू दाबतो किंवा उचलतो आणि सगळे आकडे खोटे पडतात. नळी वरून स्टँडला टांगून डब्यात मोकळी सोडायची, काठाला न लागता. ऑइल ९० अंशांवर आलं की २० मिनिटांची नोंद घ्या. ९ किलोवॅटवर ३ युनिट तयार होतील आणि पेट्रोल ९१५ ग्रॅमच्या आसपास जावं. म्हणजे लिटरला अडीच युनिट, इंजिनाची शाफ्टवर ३३ टक्के कार्यक्षमता, आणि आपल्या टेम्पोला लिटरमागे साधारण साडेअठरा किलोमीटर. टोयोटाने मोठ्या हायब्रिड इंजिनात ४० टक्के ओलांडले आहेत. ५०० सीसीत पहिल्या खेपेला ३३ हे भरपूर झालं.

पेट्रोल ११०० ग्रॅमच्या वर गेलं तर शोध या क्रमाने घ्या: थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतोय का, इग्निशन टायमिंग मागे आहे का, सायलेन्सर गळा दाबतोय का, कूलंट ७० वरच अडकलंय का. जनरेटरवर संशय सगळ्यात शेवटी.

हे सगळं आधी ट्रॉलीवर करा, शेडबाहेर, एक्झॉस्ट मोकळ्या हवेत सोडून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं तर गोष्ट वेगळी. हायब्रिड रेट्रोफिटसाठी एआयएस-१२३ हे मानक लागू होतं, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि मग आरटीओत नोंदीत बदल. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते.